मार्तिन्श रीतिन्श आणि लाटव्हियाचे ताट : प्रस्तावना

२५ मार्च १९४९ च्या पहाटे लाटव्हियाच्या खेड्यापाड्यांत सोव्हिएत सुरक्षा दलाची माणसे घरोघर फिरू लागली. पुढच्या काही दिवसांत ४२ हजारांहून अधिक माणसांना मालगाड्यांत भरून सायबेरियाकडे पाठवण्यात आले. त्यांत बायका, मुले आणि म्हातारी माणसे सर्वाधिक होती. यांतल्या बहुतेक कुटुंबांचा गुन्हा एवढाच की त्यांच्याकडे थोडीफार जमीन होती, काही गाई होत्या आणि ती जमीन ते स्वतःच्या मर्जीने कसत होते. मागे राहिलेल्यांनी या धाकाने आपली गुरे, अवजारे आणि शेते सामुदायिक शेतीच्या स्वाधीन केली. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हाताला गव्हाण, दुधाची चरवी आणि लोण्याचा घुसळखांब माहीत होता, त्यांचे आपल्याच अन्नावरचे स्वामित्व एका वसंतात संपले.

त्याच वर्षी, तिथून फार दूर, इंग्लंडमध्ये एका लाटव्हियन निर्वासित दांपत्याला मुलगा झाला. मार्तिन्श रीतिन्श. हा मुलगा पुढे शेफ झाला, चाळिशी ओलांडल्यावर आई-वडिलांच्या देशात परतला आणि रीगा शहरात त्याने ‘विन्सेंट्स’ हे रेस्टॉरंट नावारूपाला आणले. दूरचित्रवाणीवरून तो घराघरांत पोहोचला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याचे निधन झाले तेव्हा आधुनिक लाटव्हियन पाककलेचा जनक म्हणून देशाने त्याचा शोक केला.

या पुस्तकाच्या वाचकाने या दोन घटना शेजारी शेजारी ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे. रीतिन्श यांचे आयुष्य यशस्वी शेफची कहाणी म्हणून वाचता येते आणि तसे वाचले तरी ते रंजक आहे. पण त्यांनी केलेले मोठे काम स्वयंपाकघराच्या बाहेर आहे. १९४९ मध्ये लाटव्हियाच्या शेतकऱ्याचे त्याच्या अन्नाशी असलेले नाते तोडले गेले. ते पुन्हा सांधण्याच्या कामाला या माणसाने आपली कला आणि आपली प्रसिद्धी जुंपली. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचे खरे सूत्र हेच आहे आणि प्रस्तावनेच्या निमित्ताने मला ते उलगडून सांगायचे आहे.

त्यासाठी आधी लाटव्हिया समजून घ्यावा लागतो. बाल्टिक समुद्राच्या काठी, एस्टोनिया आणि लिथुआनिया यांच्या मधोमध असलेला हा देश जेमतेम १९ लाख वस्तीचा आहे. निम्म्याहून अधिक भूभाग जंगलाचा, त्यात तळी, दलदली आणि नद्या. कित्येक शतके इथली जमीन जर्मन वंशाच्या उमरावांची आणि ती कसणारे हात लाटव्हियन कुळांचे, अशी विभागणी होती. १८ नोव्हेंबर १९१८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि नव्या राज्याने १९२० मध्ये जमीन सुधारणेचा कायदा केला. मोठ्या जहागिरी मोडून भूमिहीनांना तुकडे वाटले गेले, हजारो नवी शेतघरे उभी राहिली. पुढच्या वीस वर्षांत या छोट्या शेतकऱ्यांच्या जिवावर लाटव्हियाने जर्मनी आणि ब्रिटनला लोणी आणि बेकन निर्यात केले. १९३० मध्ये रीगाची मध्यवर्ती मंडई खुली झाली. पहिल्या महायुद्धात जर्मन हवाई जहाजांसाठी बांधलेल्या प्रचंड शेडचे सांगाडे आणून तिचे पाच मंडप उभारले होते. मांस, मासळी, दूधदुभते, भाजीपाला या सगळ्यांना त्या छपराखाली जागा होती. स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या कृषिप्रधान देशाचा आत्मविश्वास त्या वास्तूत आजही दिसतो.

हे सुख अल्पायुषी ठरले. १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, १४ जून १९४१ रोजी सुमारे १५ हजार लोकांना एका रात्रीत हद्दपार केले गेले. मग नाझी आले आणि त्यांनी इथल्या ज्यूंचा जवळजवळ संपूर्ण संहार केला. १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य परतू लागले तेव्हा लाखाहून अधिक लाटव्हियनांनी देश सोडला. काही होड्यांतून स्वीडनला गेले, बरेचसे जर्मनीत पोहोचले आणि युद्ध संपल्यावर तिथल्या निर्वासित छावण्यांत अडकून पडले. कामगारांची टंचाई असलेल्या ब्रिटनने १९४६-४७ पासून या छावण्यांतून माणसे न्यायला सुरुवात केली. बायकांना इस्पितळांत आणि कापड गिरण्यांत कामे मिळाली, पुरुषांना शेतांत आणि खाणींत. पुढे त्यांतले पुष्कळ जण कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे पांगले. आपण काही महिन्यांसाठी बाहेर पडलो आहोत, अशी या लोकांची समजूत होती. प्रत्यक्षात परतीचा रस्ता खुला व्हायला जवळजवळ अर्धे शतक लागले.

परदेशातल्या या वस्त्यांनी जे जपले ते थक्क करणारे आहे. त्यांनी स्वतःची प्रार्थनामंदिरे चालवली, मुलांसाठी शनिवारच्या शाळा काढल्या, गायकवृंद बांधले. लाटव्हियात १८७३ पासून चालत आलेला गीतमहोत्सव त्यांनी परमुलखात सुरू केला. कॅनडातला पहिला असा महोत्सव १९५३ मध्ये टोरोंटोत भरला. भाषा आणि गाणे यांच्याबरोबर तिसरी गोष्ट जपली गेली ती स्वयंपाक. नाताळला करड्या वाटाण्यांची उसळ बेकनबरोबर, २३ जूनच्या रात्री शेकोट्या पेटवून शहाजिरे घातलेले चीज आणि बिअर, सणावाराला बेकन-कांद्याचे सारण भरलेले छोटे पाव, आणि रोजच्या जेवणात राय या धान्याचा काळसर, आंबूस पाव. परदेशात मिळेल त्या पिठातून आणि मिळेल त्या दुधातून हे पदार्थ घडत होते. ते खाणाऱ्या मुलांनी लाटव्हियाची माती कधी पाहिलेली नव्हती, तरी सणाला काय शिजते हे त्यांना पाठ होते.

रीतिन्श या पिढीचे. व्यावसायिक पाककलेचे शिक्षण आणि सुरुवातीची उमेदवारी त्यांनी इंग्लंडमध्ये केली, नंतर ते कॅनडात गेले आणि टोरोंटोत केटरिंगच्या व्यवसायात त्यांनी जम बसवला. केटरिंग हे शेफसाठी कठोर विद्यापीठ असते. रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकघर आपले, भांडी आपली, शेगडीची आच ओळखीची. केटरिंगमध्ये रोज नवी जागा, नवे यजमान आणि शेकडो ताटे एकाच वेळी गरम पोहोचवण्याचा घोर. माल कुठून आणायचा, तो किती तास टिकेल, कशाला पर्याय शोधता येईल, हे तिथे बोटांवर मोजून ठेवावे लागते. टोरोंटोसारख्या शहरात इटालियन, चिनी, पोर्तुगीज, कॅरिबियन अशा नाना लोकांचे बाजार हाकेच्या अंतरावर असतात, त्यामुळे जिभेची ओळखही रुंदावते. वयाच्या चाळिशीपर्यंत रीतिन्श यांच्याकडे हे सगळे होते : शिस्त, व्यवहार आणि जगाच्या स्वयंपाकाचे भान. हे सगळे त्यांनी कुठे वापरायचे, याचे उत्तर १९९१ ने दिले.

२३ ऑगस्ट १९८९ रोजी तीनही बाल्टिक देशांतल्या सुमारे २० लाख माणसांनी हातात हात गुंफून ६०० किलोमीटरहून लांब साखळी केली होती. ४ मे १९९० ला लाटव्हियाने स्वातंत्र्याचा ठराव केला आणि ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोतला उठाव फसल्यावर ते स्वातंत्र्य प्रत्यक्षात आले. परदेशस्थ लाटव्हियनांसमोर अवघड प्रश्न उभा राहिला. ज्या देशासाठी आई-वडील झुरले तो देश आता खुला होता, पण त्यांचे स्वतःचे घरदार, नोकरी, मुले दुसरीकडे रुजली होती. बहुतेकांनी भेटी दिल्या आणि ते परत गेले. थोड्यांनी मुक्काम हलवला. रीगातून लहानपणी बाहेर पडलेल्या आणि कॅनडात मानसशास्त्राच्या प्राध्यापक झालेल्या वाइरा वीके-फ्रैबेर्गा परतल्या आणि १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या. रीतिन्श त्यांच्याही आधी आले. आईवडिलांच्या आठवणींतला देश आणि समोरचा देश यांत किती अंतर पडले आहे, हे त्यांना पहिल्या जेवणातच समजले असणार.

सोव्हिएत काळाने लाटव्हियाच्या खाण्याचे काय केले, हे नीट पाहिल्याशिवाय रीतिन्श यांच्या कामाचे मोल कळत नाही. सार्वजनिक खानावळींचा कारभार सरकारी पाककृतींच्या जाड पुस्तकांवर चालायचा. कोणत्या पदार्थात किती ग्रॅम मांस, किती ग्रॅम बटाटा, किती ग्रॅम मेयोनेझ हे मॉस्कोने ठरवलेले. स्वयंपाक्याने चव घेऊन काही बदलावे अशी अपेक्षा नव्हती, तशी परवानगीही नव्हती. रीगाचे धुरावलेले स्प्रॅट मासे सोव्हिएत संघभर नावाजलेले होते, पण चांगला माल बाहेर जायचा आणि इथे रांगा लागायच्या. अमुक गावचे चीज, अमुक घरचा पाव ही ओळख पुसली गेली. दूध सगळीकडून एका टाकीत येई आणि एकाच चवीचे होऊन बाहेर पडे.

तरीही चव पूर्ण मेली नाही, कारण व्यवस्थेत एक फट होती. सामुदायिक शेतीतल्या कुटुंबाला घराभोवती अर्ध्या हेक्टरच्या आसपास तुकडा आणि एखादी गाय ठेवता येत असे. त्या तुकड्यात आजीने जुनी बियाणी राखली. शहरातल्या माणसांनी बागेचे छोटे वाफे मिळवले, तळघरात लोणची-मुरंबे साठवले, शनिवार-रविवारी जंगलात जाऊन अळंबी आणि बेरी गोळा केल्या. लाटव्हियन माणूस टोपली घेऊन जंगलात शिरतो तेव्हा त्याला आपली जागा ठाऊक असते आणि ती तो सहसा कुणाला सांगत नाही. सरकारी खानावळीत जे हरवले ते घरातल्या बरण्यांमध्ये तग धरून होते. पण त्याला प्रतिष्ठा नव्हती. पाहुण्यासमोर ठेवायचे ते दुकानातले, बाहेरून आलेले. घरचे ते गरिबीचे, अशी धारणा खोल रुजली होती.

‘विन्सेंट्स’ची सुरुवात झाली तो काळ हा असा. १९९२ मध्ये देशातल्या महागाईने ९०० टक्क्यांचा पल्ला ओलांडला होता. १९९३ मध्ये लाट्स हे स्वतःचे चलन परत आले. रशियन सैन्य अखेर ३१ ऑगस्ट १९९४ रोजी देशाबाहेर पडले. जमिनी मूळ मालकांच्या वारसांना परत मिळत होत्या, पण हातात कागद आला तरी ट्रॅक्टर नव्हता, गोठा पडलेला होता आणि माल विकत कोण घेणार हे माहीत नव्हते. दुसरीकडे रीगात नवा पैसा आणि परदेशी पाहुणे येऊ लागले होते. त्यांच्यासाठी उघडलेल्या हॉटेलांना वाटे, उत्तम म्हणजे आयात केलेले. बंद डब्यातले, गोठवलेले, पश्चिमेचे लेबल लावलेले अन्न महाग विकले जाई. अशा वेळी एलिझाबेट्स रस्त्यावरच्या या रेस्टॉरंटने जागतिक दर्जाचा स्वयंपाक मांडला आणि त्यासाठी लागणारा माल लाटव्हियाच्या शेतात शोधायला सुरुवात केली.

हे लिहायला सोपे आणि करायला किती जड असते, हे सांगायला हवे. पाच गाई आणि थोडी जमीन असलेल्या शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक लागते, नाहीतर तो नवे काही पेरण्याचा धोका पत्करू शकत नाही. रेस्टॉरंटला ठरल्या दिवशी, ठरल्या आकाराचा, ठरल्या ताजेपणाचा माल लागतो. या दोन गरजा आपोआप जुळत नाहीत. कोवळी पाने कोणत्या दिवशी खुडायची, चीज किती आठवडे मुरू द्यायचे, कोकराचे मांस कसे कापून आणायचे हे शेफला शेतकऱ्यासमोर बसून सांगावे लागते. पुढच्या हंगामात काय हवे ते वर्षभर आधी कळवावे लागते आणि पैसे वेळेवर द्यावे लागतात. पहिला माल बिघडला तर दुसऱ्याची वाट पाहावी लागते. शेतकऱ्यालाही शेफचे ऐकावे लागते, कारण चवीची मागणी बाजारभावाच्या मागणीपेक्षा वेगळी असते. रीतिन्श या कष्टाच्या नात्याचे पुरस्कर्ते होते. रेस्टॉरंटच्या मेन्यूमागे पिकवणारी माणसे आहेत आणि त्यांचे नाव घेतले गेले पाहिजे, हा त्यांचा आग्रह राहिला. चाळीस वर्षे ज्या शेतकऱ्याला कुणी नावाने ओळखले नव्हते, त्याच्यासाठी त्या आग्रहाचा अर्थ काय असेल?

त्यांच्यापुढे असलेले कोठार किती श्रीमंत होते, तेही वाचकाने जाणून घ्यावे, कारण पुढच्या पानांत ही नावे वारंवार येतील. मार्चच्या शेवटी, बर्फ वितळू लागले की बर्च झाडाच्या खोडाला भोक पाडून रस काढतात. तो पाण्यासारखा नितळ आणि किंचित गोड असतो. ताजा पितात, किंवा मनुके घालून आंबवून उन्हाळ्यासाठी ठेवतात. मेमध्ये कुरणातला आंबट चुका येतो आणि त्याचे सूप घरोघर शिजते. उन्हाळा चढला की बीट आणि ताकाचे थंडगार गुलाबी सूप. जूनच्या चोवीस तारखेला यानी सण येतो आणि त्याच्या आदल्या रात्री, देशभर शेकोट्या जळत असताना, शहाजिऱ्याच्या चीजचे चाक कापले जाते. जुलैमध्ये बिलबेरी आणि पिवळीधमक शॅन्टरेल अळंबी. ऑगस्ट-सप्टेंबरात जंगलाचा राजा मानली जाणारी बोलेटस अळंबी. मग दलदलीतल्या क्रॅनबेरी, ज्या पहिल्या थंडीनंतर अधिक गोड लागतात.

शरद ऋतूत नद्यांच्या मुखाशी लॅम्प्रे पकडतात. वामीसारखा लांबट दिसणारा हा जलचर निखाऱ्यावर भाजून त्याच्याच रसात घट्ट होऊ देतात. रीगाजवळचे कार्निकावा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. १० नोव्हेंबरला मार्तिनी सण असतो, तेव्हा कोंबडा किंवा हंसाचे मांस. नाताळात करडे वाटाणे. ताटातला शेवटचा वाटाणा संपवला की येत्या वर्षात अश्रू ढाळावे लागत नाहीत, अशी समजूत आहे. पश्चिमेच्या कुर्झेमे भागात रायच्या पिठाच्या पारीत बटाटा आणि गाजराचे थर रचून स्क्लांद्राउसिस हा गोडसर पदार्थ भाजतात. भाजलेल्या हेम्प बिया कुटून केलेले करडे लोणी रायच्या पावावर फासतात. शिळ्या पावाचा चुरा, फेटलेली साय आणि लिंगनबेरीचा मुरंबा यांच्या थरांतून सणाचे पक्वान्न तयार होते, कारण इथे पावाचा कण टाकून देणे हे पाप मानतात.

थंडीच्या देशातले हे अन्न आहे. लांब हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून धुरावणे, खारवणे, आंबवणे, वाळवणे या विद्या इथे पक्व झाल्या. मसाले थोडे, पण धूर, आंबटपणा, रायची कडसर खोली आणि जंगलाचा वास यांचे सूक्ष्म भेद पुष्कळ. रीतिन्श यांनी या चवींना संग्रहालयात ठेवले नाही. पश्चिमेच्या स्वयंपाकघरात कमावलेले तंत्र त्यांनी या मालावर चालवले : मांस किती शिजवायचे, सॉस किती आटवायचा, ताटात किती कमी वाढायचे. खेड्यातली वस्तू आणि कसलेला हात एकत्र आले तर ती वस्तू जगातल्या कोणत्याही टेबलावर मान उंच करून बसते, हे त्यांनी सिद्ध केले. राजघराण्यांतली माणसे, राष्ट्रप्रमुख, नामवंत कलावंत रीगात आले की ‘विन्सेंट्स’मध्ये जेवू लागले. त्यांच्यासमोर लाटव्हियाची अळंबी, लाटव्हियाचा मासा आणि लाटव्हियाचा पाव ठेवला जाई आणि यजमान देशाला त्याची लाज वाटेनाशी झाली. डेन्मार्कमधल्या आणि शेजारच्या देशांतल्या शेफनी उत्तर युरोपच्या नव्या पाककलेचा जाहीरनामा २००४ मध्ये काढला. स्थानिक आणि हंगामी अन्नाचा तो विचार पुढे जगभर गाजला. रीगात त्याच दिशेने काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते, हे इतिहासाने नोंदवायला हवे.

तरी एक खरा प्रश्न उरतो आणि प्रस्तावनाकाराने तो टाळू नये. ‘विन्सेंट्स’ महागडे रेस्टॉरंट होते. नव्वदच्या दशकात पगार पुरत नसलेल्या शिक्षिकेला, निवृत्त कामगाराला तिथे जेवणे शक्य नव्हते. शेतकऱ्याचा माल शहरातल्या श्रीमंतांच्या ताटात गेला, याने देशाची पाककला सावरली असे कसे म्हणायचे? या आक्षेपात तथ्य आहे. त्याला रीतिन्श यांचे उत्तर दूरचित्रवाणीवर सापडते.

‘याहून चांगले काय असू शकते?’ या अर्थाच्या लाटव्हियन नावाचा त्यांचा कार्यक्रम अनेक वर्षे चालला आणि ते नाव लोकांच्या बोलण्यात रुळले. पडद्यावरचा हा गोल, हसरा, उत्साहाने भरलेला माणूस लाटव्हियन बोलायचा तो इंग्लंडमध्ये वाढलेल्या माणसाच्या हेलात. प्रेक्षकांना तो हेल परका वाटला नाही. दूर राहूनही ज्याने भाषा सोडली नाही, त्याच्या बोलण्यातला प्रवास त्यांना ऐकू येत होता. तो जे शिजवायचा ते आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतूनच. चाळीस वर्षे ठरावीक मापांच्या स्वयंपाकात अडकलेल्या गृहिणींना त्याने चव घेण्याचे, बदलण्याचे, आनंदाने चुकून पुन्हा करण्याचे धाडस दिले. आजीच्या तळघरातल्या बरणीला त्याने मान दिला. ज्यांनी त्याच्या रेस्टॉरंटचे दार कधी ओलांडले नाही, अशा असंख्य घरांत त्याचा स्वयंपाक पोहोचला. पाककृतींच्या पुस्तकांनी तेच काम पुढे नेले. माझ्या दृष्टीने त्यांच्या रेस्टॉरंटइतकेच, किंबहुना त्याहून थोडे अधिक, महत्त्व या कार्यक्रमाला आहे.

दुसरे उत्तर चळवळीचे. १९८६ मध्ये रोमच्या ऐतिहासिक चौकात मॅकडोनाल्ड्स येण्याला विरोध झाला. त्यातून इटलीच्या ब्रा या गावातल्या कार्लो पेत्रिनी यांनी ‘स्लो फूड’ चळवळ उभी केली आणि १९८९ मध्ये पॅरिसमध्ये तिच्या जाहीरनाम्यावर अनेक देशांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या. अन्न चविष्ट असावे, निसर्गाला इजा न करता पिकवलेले असावे आणि पिकवणाऱ्याला त्याचा रास्त मोबदला मिळावा, ही तिची तीन सूत्रे. लाटव्हियात या चळवळीचे नेतृत्व रीतिन्श यांनी केले. तिची तिथे फार गरज होती. २००४ मध्ये देश युरोपीय संघात गेला आणि बाजार खुला झाला. स्वस्त आयात माल आला, मोठ्या सुपरमार्केट साखळ्या पसरल्या. दोन गाईंच्या दुधाचे चीज करणाऱ्या बाईला कारखान्यासाठी लिहिलेले स्वच्छतेचे नियम समजून घेणे भाग पडले. सोव्हिएत सत्तेतून वाचलेला छोटा उत्पादक आता बाजाराच्या रेट्याखाली जाण्याचा धोका होता.

त्याच युरोपीय संघाने एक ढालही दिली. भौगोलिक ओळख आणि पारंपरिक पद्धतींना कायदेशीर संरक्षण देण्याची त्याची व्यवस्था आहे. कुर्झेमेच्या स्क्लांद्राउसिसला २०१३ मध्ये पारंपरिक पदार्थ म्हणून मान्यता मिळाली. २०१५ मध्ये लाटव्हियाचे मोठे करडे वाटाणे, कार्निकावाचे लॅम्प्रे आणि शहाजिऱ्याचे यानी चीज यांची नोंद झाली. ही मान्यता एकट्या माणसाच्या प्रयत्नाने येत नाही. गावोगावचे उत्पादक, अधिकारी, संशोधक यांचे ते श्रेय आहे. पण आपला वाटाणा हा जपण्याजोगा वारसा आहे, हे वाटण्यासाठी आधी समाजाचे मन वळावे लागते. ते वळवणाऱ्यांत रीतिन्श अग्रभागी होते. रीगात काल्नत्सिएमा रस्त्यावरच्या जुन्या लाकडी घरांच्या आवारात शनिवारी भरणाऱ्या बाजारांत आज उत्पादक स्वतः आपल्या मालामागे उभा असतो. गिऱ्हाईक त्याला प्रश्न विचारते आणि तो अभिमानाने उत्तर देतो. १९४९ नंतर ज्या समाजात हे संभाषण बंद पडले होते, तिथे ते पुन्हा सुरू झाले आहे.

काम पुरे झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. १९८९ मध्ये २६ लाखांवर असलेली लाटव्हियाची लोकसंख्या आता १९ लाखांच्या खाली आली आहे. युरोपची दारे उघडल्यावर हजारो तरुण आयर्लंड, ब्रिटन, जर्मनीत कामाला गेले. खेड्यांतल्या शाळा मिटल्या, शेतघरे ओस पडली. ज्या देशाने एकदा निर्वासित म्हणून माणसे गमावली, तो आता रोजगारासाठी ती गमावतो आहे. चांगल्या चीजला चांगली किंमत मिळाली म्हणून गाव भरून येत नाही, हे खरे. पण ज्या कुटुंबांना पाच-दहा हेक्टरवर राहून सन्मानाने जगता येते आहे, त्यांतल्या अनेकांसाठी हा नवा बाजार हाच आधार आहे. त्यामुळे मी रीतिन्श यांच्या कामाकडे अपुरे म्हणून पाहत नाही. ते पुढच्यांनी उचलायचे काम म्हणून पाहतो.

ते उचलले गेले आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातून तयार झालेले शेफ रीगात आणि रीगाबाहेर स्वतःची रेस्टॉरंट चालवतात. नव्या पिढीला आयात मालाची भुरळ उरलेली नाही. बर्चचा रस, समुद्री बकथॉर्नची केशरी फळे, पाइनचे कोवळे कोंब यांच्याशी ती खेळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मिशेलिन मार्गदर्शिकेने लाटव्हियाची पहिली निवड जाहीर केली आणि रीगातल्या ‘मॅक्स सेकॉट किचन’ला देशातला पहिला मिशेलिन तारा मिळाला. रीतिन्श तेव्हा हयात नव्हते. त्या ताऱ्यामागे त्या रेस्टॉरंटच्या शेफची स्वतःची प्रतिभा आहेच. पण जगाच्या परीक्षकांना रीगात यावेसे वाटले, ती वाट तीस वर्षे कुणीतरी तुडवून रुंद केली होती.

आता या पुस्तकाविषयी. चरित्रात शेफ येतो तेव्हा वाचक पाककृती आणि प्रसिद्ध पाहुण्यांचे किस्से शोधतो. त्यांना इथे जागा आहे आणि असावी. पण वाचताना माणसांकडे लक्ष ठेवा : छावणीतून आलेले आई-वडील, शनिवारच्या शाळेत लाटव्हियन शिकवणारे लोक, जमीन परत मिळाल्यावर नांगर कुठून आणावा या चिंतेत असलेला शेतकरी, पहाटे अळंबी घेऊन शहरात येणारी म्हातारी. रीतिन्श यांच्या कर्तृत्वाला अर्थ या माणसांनी दिला आहे. राष्ट्राची भाषा शब्दकोशात जपता येते, गाणी संग्रहात जपता येतात. लाटव्हियन लोकांनी ते केलेही. गेल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत क्रिश्यानिस बारोन्स यांनी दोन लाखांहून अधिक लोकगीते छापून ठेवली. अन्न मात्र कागदावर टिकत नाही. त्याला पेरणारा लागतो, दूध काढणारा लागतो, विकत घेणारा लागतो आणि रोज कुणाला तरी ते रांधावे लागते. यांतला एक जण गळला तरी पाककृती उरते आणि पदार्थ जातो.

मार्तिन्श रीतिन्श यांना मी मोठा शेफ मानतो तो या कारणासाठी. त्यांच्या हातची चव त्यांच्याबरोबर गेली. त्यांनी जोडलेले शेतकरी, घडवलेले शेफ आणि निर्भय केलेली घरे मागे राहिली आहेत. ज्यांना आपल्या लोकांच्या अन्नाची काळजी आहे, अशा प्रत्येक वाचकाने हे आयुष्य सावकाश वाचावे. आणि पुस्तक मिटल्यावर आपल्या ताटातला एखादा पदार्थ कुणी पिकवला, त्याला त्याचे काय मिळाले, एवढी चौकशी जरूर करावी.